मांजराच्या अंगावरच्या खपल्या पुन्हा पुन्हा का येतात?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारले आहे की त्यांच्या ३ वर्षांच्या बोक्याच्या मानेवर आणि कमरेच्या मागच्या भागावर बारीक खपल्या येतात, हनुवटीखाली काळे ठिपके आणि अधूनमधून पुवाच्या पुटकुळ्या दिसतात. गेल्या पावसाळ्यापासून त्याला दोन वेळा ५-५ दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, एकदा औषधांच्या दुकानातून आणलेले मलम लावले, प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटले आणि नंतर पुन्हा तेच सुरू झाले. मधल्या काळात शेपटीच्या मुळाशी एक मोठे गळू होऊन फुटले. आता याहून जोरदार अँटिबायोटिक कोणते द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, अँटिबायोटिक कमी जोराचे होते म्हणून हा त्रास परत येतो, असे मला वाटत नाही. ते औषध नेमके कशावर दिले जात आहे हे अजून कोणी पाहिलेले नाही, असे आपल्या वर्णनावरून दिसते. दुसरे कोणतेही कारण नसताना केवळ जिवाणूंमुळे मांजराची कातडी बिघडली, असे मी २५ वर्षांच्या व्यवसायात फार क्वचित पाहिले आहे. निरोगी मांजराच्या अंगावरही स्टॅफिलोकोकस कुळातले जिवाणू कायम वस्तीला असतात. स्टॅफिलोकोकस फेलिस, स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस आणि माणसांच्या नाकात व कातडीवर आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस ही त्यांतली नेहमीची नावे. कातडी अखंड असेपर्यंत ते काही करत नाहीत. मांजर नखांनी खाजवू लागले, किंवा आपल्या काटेरी जिभेने एकच जागा दिवसभर चाटू लागले, की वरचा थर सोलला जातो, लस पाझरते आणि त्या ओलीत हेच जिवाणू वाढतात. अँटिबायोटिकने जिवाणू कमी होतात, म्हणून आठवडाभर बरे वाटते. खाज मात्र तशीच राहते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात जखमा नव्या होतात. म्हणून ‘कोणते औषध’ याच्या आधी ‘हा खाजवतो कशामुळे’ हे शोधावे लागेल.

मान आणि कंबर या जागा ऐकल्यावर माझ्या मनात पहिले नाव येते ते पिसवांचे. बोक्याच्या पाठीवरून केसांच्या उलट्या दिशेने बोटे फिरवली तर बाजरीचे दाणे पसरल्यासारखे लागते, आणि या लक्षणाला वैद्यकातही बाजरीवरूनच नाव पडले आहे. बाजरीसारख्या खपल्या हा स्वतंत्र रोग नसून कातडीने दिलेली एक तक्रार आहे, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. ‘आमच्या मांजराला पिसवा नाहीत’ असे मला रोज कोणीतरी सांगते, आणि ते खोटे सांगत नसतात. ॲलर्जी असलेले मांजर इतके चाटते की पिसवा गिळून टाकते, आणि त्रास सुरू राहायला थोडेसे चावेही पुरतात. घरी एक परीक्षा करून पाहा. उवांच्या बारीक फणीने कमरेवरचे केस विंचरा, फणीत आलेले काळे कण पांढऱ्या ओल्या कापसावर ठेवा आणि दोन मिनिटे थांबा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. डाग पडला नाही तरी पिसवा नाहीतच असे मी धरत नाही. पिसवांचे उपचार करून पाहतोच.

हे उपचार अर्धवट झाले की सगळे वाया जाते. पिसूची मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते, ती अंडी मांजराच्या अंगावर न राहता खाली गळतात, आणि कोशातली पिसू फटींमध्ये कित्येक आठवडे वाट पाहत राहू शकते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने, माळे आणि दिवाणाखालचे गालिचे यासाठी फार सोयीचे असतात. म्हणून घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, खाजवणाऱ्याला आणि न खाजवणाऱ्यालाही, महिन्याच्या महिन्याला मानेवर टाकण्याचे औषध किमान ३ महिने द्यावे लागते. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेली, मांजरांसाठीच तयार केलेली औषधे चालतात. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजराला कधीही लावू नका. त्याने अंग थरथरते, झटके येतात आणि मांजर दगावू शकते. ‘थोडेसेच लावले होते’ असे सांगत, टॉवेलात गुंडाळलेले मांजर घेऊन धावत आलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितो.

आता तपासणीविषयी. माझ्या मते मांजराच्या कातडीवर अँटिबायोटिक लिहिण्याआधी जखमेचा ठसा काचपट्टीवर घेऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे पशुवैद्याचे कर्तव्य आहे, आणि आपण तसा आग्रह धरलात तर त्यात काही गैर नाही. ओल्या जखमेवर काचपट्टी हलकेच दाबतात. कोरड्या खपलीसाठी ती उचलून तिच्या खालच्या ओलीचा ठसा घेतात, किंवा पारदर्शक चिकटपट्टी दाबून पेशी उचलतात. मग झटपट रंगद्रव्यात बुडवून तेलाच्या भिंगाखाली १००० पट मोठे करून पाहतात. (चिकटपट्टी वापरणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना एक सूचना: पहिल्या बाटलीतले स्थिरीकरणाचे द्रव्य गोंद विरघळवते, म्हणून ती पायरी वगळावी.) या सगळ्याला १० ते १५ मिनिटे लागतात. पांढऱ्या पेशींनी गिळलेले गोल जिवाणू दिसले, तर संसर्ग खरा. पेशींच्या बाहेर चार-दोन जिवाणू विखुरलेले दिसले, तर ते नुसते रहिवासी असू शकतात. इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी असेल, तर ॲलर्जी किंवा परजीवी यांच्याकडे बोट जाते. गोल जिवाणूंऐवजी दांड्यासारखे दिसले, तर चाव्याची जखम किंवा वेगळ्या जातीचा संसर्ग मनात धरून औषधाची निवड बदलावी लागते. एकही जिवाणू दिसला नाही तर अँटिबायोटिक द्यायचेच कशाला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

कारण संसर्गासारखे दिसणारे, पण संसर्ग नसलेले किंवा दुसऱ्याच जातीचे असलेले आजार मांजरांत पुष्कळ आहेत. कानांच्या कडांवर जाड, राखाडी थर चढून तो चेहऱ्यावर उतरत असेल आणि मांजर रात्रंदिवस खाजवत असेल, तर ती खरूज असते. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या मांजरांत ती भरपूर आढळते, कातडी खरवडून पाहिली की किडे सहज सापडतात आणि योग्य औषधाने काही दिवसांतच फरक पडतो. केस तुटून गोल चकंदळे पडली असतील, विशेषतः पिल्लांत आणि लांब केसांच्या पर्शियन मांजरांत, तर गजकर्णाची शंका घ्यावी लागते. घरातल्या मुलांच्या हातावर तसेच गोल चट्टे असतील, तर शंका पक्की होऊ लागते. त्यासाठी वूडचा दिवा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, वापरतात, पण बुरशी नेहमीच चकाकते असे नाही आणि लावलेले मलमही चकाकू शकते, म्हणून केसांचे कल्चर करावे लागते, म्हणजे केसांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहावी लागते, आणि त्याला २ ते ३ आठवडे लागू शकतात. नखांच्या मुळाशी चिकट पू, स्तनाग्रांभोवती आणि कानांवर खपल्या, आणि काचपट्टीवर पांढऱ्या पेशींच्या मध्ये सुट्या पडलेल्या गोल कातडीच्या पेशी असे चित्र असेल, तर तो पेम्फिगस असू शकतो; त्यात शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटते आणि अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पांढऱ्याशुभ्र मांजरीच्या कानाच्या टोकावर खपली घेऊन एक वृद्ध गृहस्थ आले. मी मलम दिले, मग गोळ्या दिल्या, मग वेगळ्या गोळ्या दिल्या. खपली पडायची आणि पुन्हा धरायची. चार महिन्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, तेव्हा कर्करोग निघाला; उन्हाने पांढऱ्या कातडीला होणारा, सुरुवातीलाच कानाचे टोक कापले तर बहुधा थांबवता येणारा. तोवर तो नाकापर्यंत पोचला होता. पांढरे कान किंवा पांढरे नाक असलेल्या मांजराची जखम ३-४ आठवड्यांत भरली नाही, तर तेव्हापासून मी थांबत नाही. तुकडा तपासायला पाठवतो. जांघेतल्या चरबीत गाठी, त्यांना बारीक छिद्रे आणि त्यांतून पाणी झिरपत राहणे, असे दिसले तरी हाच नियम पाळतो. तिथे कुष्ठरोग आणि क्षयाच्या कुळातले जिवाणू असू शकतात, ते नेहमीच्या रंगात दिसत नाहीत, त्यांना वेगळा रंग आणि कित्येक महिन्यांचा उपचार लागतो.

मांजरांत आणखी एक गोंधळात टाकणारी गोष्ट आढळते. पोटावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला लालबुंद, ओले, उंचावलेले चट्टे येतात. ते मुळात ॲलर्जीचे असतात, पण चाटण्याने त्यांच्यात जिवाणू शिरलेले असतात, आणि नुसत्या अँटिबायोटिकनेही ते बरेच बसतात असा अनुभव आहे. अशा वेळी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच दिवशी सुरू करणे मी शक्यतो टाळतो. दोन्ही एकदम दिली तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा अंधारातच उभे असतो. आधी संसर्ग आवरावा, आठ-दहा दिवसांनी उरलेली खाज किती आहे ते पाहावे आणि मग तिच्यासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड ठरवावे. महिनाभर टिकणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने मांजर दुसऱ्या दिवशी शांत होते, म्हणून लोकांना ते हवेसे वाटते, परंतु ते पुन्हा पुन्हा दिल्याने मधुमेह होऊ शकतो आणि ज्या मांजराचे हृदय आधीच दुबळे आहे त्याला ते झेपत नाही.

हनुवटीवरच्या काळ्या ठिपक्यांचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. तिथल्या तेलग्रंथींची तोंडे बुजतात आणि त्यांत संसर्ग झाला की पुटकुळ्या होतात. पिळू नका, पिळल्याने केसाचे मूळ आत फुटते आणि संसर्ग खोल जातो. २ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने ओला केलेला कापूस दिवसातून एकदा हलकेच टेकवा, डोळ्यांपासून आणि कानांच्या आतल्या भागापासून दूर ठेवा. प्लॅस्टिकचे भांडे बदलून स्टीलचे करा, कारण ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकला चिकटपणा राहतो आणि बदलायला खर्चही नाही. हनुवटी सुजली आणि दुखू लागली तर मात्र पोटातून औषध लागते.

शेपटीच्या मुळाशी झालेले गळू या सगळ्यापासून वेगळे धरा. ते बहुधा चाव्याचे आहे. दुसऱ्या बोक्याचा सुळा सुईसारखा आत जातो, तोंडातले जिवाणू, म्हणजे मुख्यतः पाश्चुरेला आणि हवेशिवाय वाढणारे काही प्रकार, खोलवर सोडतो, आणि बाहेरचे भोक एका दिवसात मिटते. ३ ते ५ दिवसांनी आत पू साचून गाठ येते, मांजर खाणे सोडते, अंग तापते. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, हे लक्षात ठेवा. पाठ दाखवून पळणाऱ्याला शेपटीच्या मुळाशी चावा बसतो आणि समोर उभे राहणाऱ्याला गालावर किंवा पुढच्या पायावर. अशा गळवाचा खरा उपचार म्हणजे ते उघडणे: भूल किंवा गुंगी देऊन केस काढायचे, सर्वांत खालच्या जागी छेद घ्यायचा, सलाइनने आतून स्वच्छ धुवायचे आणि भोक आतून भरत येईपर्यंत उघडे ठेवायचे. पू नीट निघून गेला आणि ताप नसला, तर निरोगी मांजराला अँटिबायोटिक न देताही ते भरून येते. ताप असेल, सूज आजूबाजूला पसरली असेल किंवा सांध्याजवळ चावा असेल, तर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी देतात. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक इथे एकटे देऊ नये, कारण ते पाश्चुरेलावर चालत नाही. गळू पुन्हा पुन्हा त्याच जागी होत असेल तर आत काहीतरी राहिलेले असते: दाताचा तुकडा, काटा, किंवा उत्तरायणानंतरच्या आठवड्यांत पंजाभोवती रुतलेला मांजाचा दोरा.

याच संदर्भात दोन गोष्टी. बोक्याचे खच्चीकरण झालेले नसेल तर करून घ्या. मारामाऱ्या त्याने बऱ्याच कमी होतात. आणि चाव्यातून मांजरांचा एफआयव्ही हा विषाणू पसरतो, तो माणसाला होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती खालावते आणि कातडीचे संसर्ग चिवट होतात, म्हणून चाव्यानंतर साधारण ६० दिवसांनी त्याची रक्ततपासणी करा. रेबीजची लस वेळेवर झालेली आहे ना, तेही आजच पाहा. चावणारे जनावर अनोळखी असेल तर लस झालेली असली तरी पुढचा डोस पशुवैद्याला विचारून घ्या. आपल्यापैकी कोणाला बोक्याने चावले किंवा ओरबाडले, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा.

कातडीच्या संसर्गाला औषध लागणारच असेल, तर वरवरच्या संसर्गाला आधी बाहेरूनच उपचार करून पाहावा, असे माझे मत आहे. पोटातून देण्यासाठी पहिली निवड अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, १२.५ मिलिग्रॅम प्रति किलो वजनाला, दिवसातून दोनदा, किंवा सेफॅलेक्सिन. वरच्या थराला साधारण २ आठवडे आणि खोल संसर्गाला ३ आठवडे देऊन पुन्हा तपासावे, आणि औषध थांबवण्याचा निर्णय त्या तपासणीनंतर घ्यावा. आपल्या बोक्याला दिलेले ५ दिवस कमीच होते. डॉक्सिसायक्लिनची गोळी किंवा कॅप्सूल दिली, तर लगेच सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजा किंवा खायला द्या. ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होऊन नळी आकसते. एन्रोफ्लॉक्सॅसिन पहिल्या फेरीत वापरू नये, आणि वापरलेच तर दिवसाला ५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर कधीही जाऊ नये, कारण त्याने मांजराच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊन कायमचे अंधत्व आल्याची नोंद आहे. ‘जोरदार’ म्हणून मागितले जाणारे औषध बहुधा हेच असते, ताई.

योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही २ आठवड्यांत फरक पडला नाही आणि काचपट्टीवर जिवाणू दिसतच राहिले, किंवा याआधी बरीच अँटिबायोटिके होऊन गेली असतील, तर कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करून घ्यावी, म्हणजे जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते तपासावे. नमुना उघड्या जखमेवरून नको. न फुटलेल्या पुटकुळीतून, खपलीच्या खालून, किंवा खोल आजारात कातडीच्या तुकड्यातून घ्यावा. आपल्याला जवळ पडेल असे आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाण्याविषयी आपल्या पशुवैद्याशी आधी बोलून घ्या. अहवालात जिवाणू मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाला दाद देत नाहीत असे आले, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणि सेफॅलेक्सिन दोन्ही निरुपयोगी ठरतात. अशा वेळी घरात कोणाला न भरणारी जखम आहे का, कोणी रुग्णालयात काम करते का, हेही मी विचारतो, कारण हे जिवाणू माणसाकडून मांजराकडे आणि उलटही जातात.

घरगुती उपायांविषयी मी कठोर आहे. मांजराचे यकृत फिनॉल वर्गातली द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही, आणि अंगावर लावलेले सगळे ते चाटून पोटात घेते. म्हणून फिनाइल, क्लोरोझायलेनॉल असलेली घरगुती जंतुनाशके, टी-ट्री तेल, कडुनिंबाचे तेल, कापूर, पिसवांसाठी वापरली जाणारी गॅमॅक्सिन पावडर यांतले काहीही लावू नका. दुखते म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते. आपण आणलेल्या मलमाची नळी घरी असेल तर तिच्यावरची नावे वाचा: बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असेल, तर ते स्टेरॉइड आहे; त्याने लाली उतरते, आणि खाली गजकर्ण असेल तर ते पसरते. लावणे थांबवा आणि नळी पशुवैद्याला दाखवा.

पावसाळ्यात त्रास वाढण्यामागे पिसवांखेरीज ओलही असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतरच्या आठवड्यांत पोटाखालची आणि बोटांमधली कातडी भिजून पांढरी पडलेली कितीतरी मांजरे माझ्याकडे आली. भिजलेले मांजर टॉवेलने केसांच्या मुळापर्यंत कोरडे करा, विशेषतः लांब केसांचे. नेहमी आंघोळ घालण्याची मात्र गरज नाही.

पिसवांचे ३ महिने नीट झाले आणि संसर्गही आवरला, तरी डोके आणि मान खाजतच असेल, तर अन्नाची ॲलर्जी पाहावी लागेल. त्याला रक्ताची भरवशाची चाचणी नाही. आजवर न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचे, किंवा पशुवैद्याने सांगितलेले खास अन्न ८ आठवडे द्यायचे, दूध नाही, मासळी नाही, शेजारच्या घरचा घास नाही. वाड्यात सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत मोकळा फिरणारा बोका असेल, तर ही अट पाळणे फार अवघड जाते, म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना जुन्या गोळ्यांची पाकिटे आणि मलमाची नळी सोबत घ्या, खपल्यांचे फोटो आज आणि आठवड्याने असे काढून ठेवा, आणि आदल्या ३ दिवसांत अंगावर काहीही लावू नका, म्हणजे काचपट्टीवर खरे काय आहे ते दिसेल. हनुवटीचा क्लोरहेक्सिडीनही तेवढे दिवस थांबवा.